गाडीचं ऑइल: घरी बदलायचं की मेस्त्रीकडे?

वॉरंटी चालू असलेली गाडी असेल, तर ऑइल अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच बदलून घ्या. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. फ्री सर्व्हिसला मजुरी लागत नाही, ऑइल आणि फिल्टरचे पैसे तेवढे द्यावे लागतात. उद्या इंजिनात काही बिघाड निघाला, तर सर्व्हिसची नोंद आणि बिलं हाच तुमचा पुरावा असतो. तो हातचा घालवण्याइतकी बचत घरी ऑइल बदलून होत नाही.

खरा प्रश्न वॉरंटी संपल्यावर येतो. सेकंडहॅंड वॅगनआर घेतलेली असते, किंवा घरातली जुनी बोलेरो आता तुमच्या ताब्यात आलेली असते. माझं मत विचाराल तर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बहुतेक गाडीवाल्यांना मधला रस्ता बरा पडतो: ऑइल आणि फिल्टर स्वतः आणायचा, आणि ओळखीच्या मेस्त्रीकडून समोर उभं राहून बदलून घ्यायचा. पण समोर उभं राहून नेमकं बघायचं काय, हे कळायला काम माहीत पाहिजे. ते माहीत झालं की ज्याला जागा आणि हौस आहे त्याने खुशाल घरी करावं. खाली सगळं काम पहिल्यापासून सांगितलं आहे.

पैशाचं गणित

ऑइल आणि फिल्टरला पैसे कुठेही लागणारच. घरी केल्यावर वाचते ती मजुरी, आणि सर्व्हिसच्या बिलात हळूच शिरणाऱ्या जादा गोष्टी: इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), ऑइलमध्ये घालायचं कसलंसं अ‍ॅडिटिव्ह, गरज नसताना केलेली क्लीनिंग. मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या तुलनेत हा फरक डोळ्यात भरतो. गल्लीतल्या मेस्त्रीच्या तुलनेत मात्र फारसा नसतो, कारण नुसतं ऑइल बदलायची त्याची मजुरी मुळात कमीच असते. उलट घरी करायचं तर पहिल्या खेपेला जॅक स्टँड, फिल्टर पाना, घमेलं असं सामान घ्यावं लागतं. वर्षातून एकदाच ऑइल बदलणाऱ्याला ते पैसे फिटायला काही वर्षं जातील.

म्हणून निव्वळ पैसे वाचवायला हे काम घरी करू नका. घरी करायचं खरं कारण वेगळं आहे. इंजिनात काय पडलं, किती पडलं, बोल्ट किती आवळला, हे तुम्हाला स्वतःला माहीत असतं. शिवाय वर्षातून एकदा गाडीच्या खाली नजर जाते, आणि सांध्यावरचा फाटलेला रबरी बूट (आवरण) किंवा चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या डब्याला, लागलेला दगड वेळेवर दिसतो. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला ये-जा असेल, तर ही एक नजरसुद्धा मोलाची आहे.

कधी बदलायचं

बहुतेक पेट्रोल गाड्यांना कंपनी १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांतलं जे आधी येईल ते सांगते. गाडी कमी चालते म्हणून वर्षाची अट बरेच जण सोडून देतात. तसं करू नका. बेळगावात टिळकवाडीतून खडेबाजारात आणि परत, एवढीच गाडी फिरत असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही. न तापलेल्या इंजिनात पाण्याची वाफ आणि थोडं इंधन ऑइलमध्ये मिसळत राहतं, आणि ते उडून जायला हवी ती उष्णता मिळत नाही. अशी गाडी ४,००० किलोमीटरच चालली असली तरी तिचं ऑइल वर्षभरात थकलेलं असतं.

दुसरी गोष्ट धुळीची. मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं एक वेगळं पान असतं: धुळीचा रस्ता, जड ओझं, सतत घाट, छोट्या फेऱ्या. उसाच्या हंगामात चिकोडी-संकेश्वरकडच्या शेतरस्त्यांवर ट्रॅक्टरमागून रोज गाडी चालवणाऱ्याने ते पान आपल्यासाठीच आहे असं समजावं आणि त्यात दिलेली कमी किलोमीटरची मुदत पाळावी. एअर फिल्टरही त्याच वेळी काढून बघावा.

सीएनजी गाडीचं ऑइल बरेच दिवस स्वच्छ दिसतं. त्या रंगावर जाऊ नका, मुदत पाळा. डिझेलचं याच्या उलट. बदलल्यावर थोड्याच दिवसांत ऑइल काळं दिसायला लागतं, आणि नवीन माणूस घाबरतो. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, ते काळं झालं म्हणजे बिघडलं असं नाही.

आपल्याकडे खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पूजेआधी सगळ्यांनाच गाडी चकचकीत करून हवी असते. घाईत केलेल्या कामात वॉशर विसरला जातो, बोल्ट अर्धवट आवळला जातो. शक्य असेल तर पाऊस उघडल्यावर, पण त्या गर्दीच्या आधी, काम उरकून घ्या.

कुठलं ऑइल

इथे थोडं थांबून बोलायला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असा नंबर असतो. पहिला आकडा सांगतो की थंड इंजिनात ऑइल किती पटकन वाहतं. आकडा लहान तितकं ते सकाळी लवकर वर पोचतं. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातला घट्टपणा सांगतो. अलीकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लागतं, थोड्या जुन्यांना ५डब्ल्यू-३०, जुन्या डिझेलना १५डब्ल्यू-४०. तुमच्या गाडीला कुठलं, याचं उत्तर मॅन्युअलमध्ये आहे. बऱ्याच गाड्यांच्या ऑइलच्या झाकणावरही छापलेलं असतं.

'आपल्याकडं ऊन जास्त, जाडच ऑइल घाला की, इंजिन टिकतंय,' असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. बाहेर मे महिना असो की डिसेंबर, कूलंट आणि थर्मोस्टॅट मिळून चालत्या इंजिनाचं तापमान जवळपास तेवढंच ठेवतात. शिवाय नवीन इंजिनांत ऑइलच्या वाटा अरुंद असतात, आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात बॅरलमधलं १५डब्ल्यू-४० ओतलं, तर सकाळी स्टार्ट केल्यावर ते वरच्या भागात उशिरा पोचतं. ते पोचेपर्यंतच्या क्षणांत होणारी झीज लगेच कळत नाही, काही वर्षांनी आवाजातून कळते.

नंबर जुळला तरी आणखी एक गोष्ट बघायची: दर्जाची खूण. पेट्रोलसाठी एपीआय एसएन किंवा एसपी, डिझेलसाठी सीआय-४, सीके-४ अशी ती असते. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीचा बीएस-६ नियम लागू झाला. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल कारच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर असतो. त्याला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, आणि मॅन्युअलमध्ये त्यासाठी एसीईए सी२ किंवा सी३ अशी खूण दिलेली असते. साधं डिझेल ऑइल घातलं तर डीपीएफ हळूहळू चोंदतो, आणि तो बदलायचा खर्च ऐकून छाती दडपते. बीएस-६ डिझेल असेल तर याबाबतीत मेस्त्रीच्या 'चालतंय की' वर जाऊ नका.

डबा बिलासकट घ्या, सील बघा, तारीख बघा. आणि काम झाल्यावर रिकाम्या डब्याला खिळ्याने दोन-चार भोकं पाडा. नामी कंपनीचा धडका डबा भंगारातून उचलून त्यात भलतंच ऑइल भरून विकायचे प्रकार होतात.

छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण तीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं, मोठ्या डिझेलना पाच-सहा. नेमका आकडा मॅन्युअलमधून लिहून घ्या. त्यात 'फिल्टरसह' आणि 'फिल्टरशिवाय' असे दोन आकडे असतात. फिल्टर दर वेळी बदलायचाच, म्हणजे पहिला धरा.

सामान आणि जागा

ड्रेन बोल्टला (जुनं ऑइल खालून सोडायच्या बोल्टला) बसणारा रिंग पाना (बहुतेक वेळा १४ किंवा १७ नंबर, पण आधी बसवून बघा), फिल्टर पाना, ड्रेन बोल्टचा नवीन वॉशर, पसरट घमेलं किंवा टब, नरसाळं, रबरी हातमोजे, कॉटन वेस्ट, जॅक आणि दोन जॅक स्टँड. ओपन पाना वापरू नका, त्याने बोल्टचे कोपरे जातात.

जागा सपाट आणि टणक पाहिजे. खानापूर-जांबोटीकडच्या तांबड्या मातीच्या अंगणात पावसानंतर जॅक लावला, तर तो बघता बघता मातीत रुततो. तिथे कॉंक्रीट किंवा फरशी नसेल तर काम मेस्त्रीकडेच द्या. फळी टाकून भागवू नका. गल्लीतल्या उतारावर किंवा अपार्टमेंटच्या रॅम्पवरही नको.

जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. आधी हॅंडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी जॅक, मग जॅक स्टँड. गाडी स्टँडवर बसली की हाताने हलवून बघा. डगमगली तर खाली घ्या आणि पुन्हा बसवा. घरात कुणीतरी मोठं माणूस असतानाच हे काम करा.

काम

गाडी उचलायच्या आधी पाच मिनिटं चालू ठेवा आणि बंद करून दहा मिनिटं थांबा. कोमट ऑइल भराभर आणि पुरतं उतरतं. नुकतीच हायवेवरून आलेली गाडी असेल तर जास्त वेळ थांबा, त्या ऑइलने हात पोळतो.

बॉनेट उघडून ऑइलचं झाकण सैल करा. मग गाडीखाली जाऊन ड्रेन बोल्ट शोधा. इथे सावध राहा, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्टही इंजिनाच्या चेंबरच्या बाजूलाच असतो. नवीन माणूस भलताच बोल्ट खोलतो, गिअरचं ऑइल काढून टाकतो आणि इंजिनात जुन्यावर नवीन ऑइल भरतो. मग एकीकडे गिअरबॉक्स कोरडा आणि दुसरीकडे इंजिनात दुप्पट ऑइल. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचा पसरट डबा, ऑइल फिल्टर ज्या ब्लॉकला लागलेला असतो त्याच्याच खालचा. शंका आली तर बोल्टला हात लावू नका. मॅन्युअलमधलं चित्र बघा किंवा मेस्त्रीला एकदा दाखवायला सांगा.

बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पहिला झटका पान्याने, बाकीचं बोटांनी. शेवटच्या आट्यांपाशी बोल्ट आत दाबत फिरवा आणि झटक्यात बाजूला घ्या, म्हणजे ऑइल मनगटावर येत नाही. धार आधी सरळ खाली न पडता थोडी पुढे उडते, आणि जोर ओसरला की मागे येते. घमेलं त्या हिशेबाने ठेवा आणि मध्येच सरकवा. थेंब-थेंब पडायला लागेपर्यंत थांबा. दहा-पंधरा मिनिटं लागतील.

तेवढ्या वेळात जुन्या ऑइलकडे नीट बघा. बोटावर घेऊन उन्हात धरा. काळं आणि पातळ असेल तर ठीक. चंदेरी चमक किंवा धातूचे कण दिसले तर आत काहीतरी घासतंय. दुधाळ, कॉफीच्या रंगाचं असेल तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. पेट्रोल-डिझेलचा उग्र वास आला तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय. यांतलं काहीही दिसलं तर थोडं ऑइल स्वच्छ बाटलीत भरा आणि चांगल्या मेस्त्रीला दाखवा. हे निदान गॅरेजमध्ये सहसा कुणी तुमच्यासाठी करत बसत नाही, त्यामुळे मला तर घरी ऑइल बदलण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

आता फिल्टर. पान्याने सैल करून हाताने काढा, त्यातही ऑइल असतं. काढल्यावर जुना रबरी रिंग फिल्टरबरोबरच निघालाय ना, हे बघाच. कधी तो इंजिनालाच चिकटून राहतो. त्यावर नवीन फिल्टर बसवला तर दोन रिंगांतून दाबाखाली ऑइल बाहेर फेकलं जातं, आणि काही मिनिटांत इंजिन कोरडं पडू शकतं. बसायची जागा कापडाने पुसा, नवीन रिंगला बोटाने नवं ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवा. रिंग टेकला की त्यापुढे साधारण पाऊण वळसा, तोही हातानेच. फिल्टर पाना काढायला असतो, आवळायला नाही. काही गाड्यांना प्लास्टिकच्या टोपीखाली कागदी फिल्टर असतो. तिथे टोपीचा रबरी रिंगही नवा घाला.

ड्रेन बोल्ट नवीन वॉशर घालून आधी बोटांनी पुरता बसवा. मगच पाना लावा. चेंबर बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, जास्त जोर केला की आटे जातात. लांब पाईप घालून आवळण्याची सवय ट्रॅक्टरच्या नटाला ठीक, इथे नको. टॉर्क पाना मिळत असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा. आटे गेलेच असतील तर घाबरून नवा चेंबर घेऊ नका. बेळगावच्या उद्यमबागमध्ये लेथवर आटे दुरुस्त करून देणारी माणसं बरीच आहेत.

ऑइल भरताना सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. मग थोडं थोडं करत दोन खुणांच्या मध्ये आणा. झाकण लावा, गाडी पहिल्या गिअरमधून न्यूट्रलमध्ये घ्या आणि मगच इंजिन चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करा. विझला तर दोन मिनिटं चालू ठेवून खाली टॉर्चने बोल्ट आणि फिल्टर बघा. बंद करा, गाडी स्टँडवरून उतरवून सपाटीला आणा, पाच मिनिटांनी डिपस्टिक पुन्हा बघा. फिल्टर भरल्यामुळे पातळी थोडी उतरलेली असते, तेवढी भरा. वरच्या खुणेच्या पुढे मात्र कधीही नको. जादा ऑइल क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) मारात फेसाळतं आणि सील फोडतं.

तारीख आणि किलोमीटर चिकटपट्टीवर लिहून बॉनेटच्या आत लावा. ऑइलचं आणि फिल्टरचं बिल गाडीच्या फाईलमध्ये ठेवा, विकताना उपयोगी पडतं.

मेस्त्रीकडे करून घेताना

सामान तुम्ही नेणार आहात हे आधीच सांगा. काहींना ते आवडत नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. ऑइलवरच्या थोड्या नफ्यावर त्यांचं दुकान चालतं. मजुरी थोडी जास्त मागितली तर घासाघीस करू नका. 'मेस्त्री, डबा माझ्यासमोरच फोडूया, आणि वॉशर नवीन आणलोय, तेवढा घाला,' एवढं मोकळेपणाने बोललं की काम नीट होतं. मेस्त्री कन्नड बोलणारे असले तरी अडत नाही. चेंबर, फिल्टर, वॉशर सगळीकडे तेच. जुना फिल्टर दाखवायला सांगा, आणि निघण्याआधी डिपस्टिक स्वतः बघा.

इंजिन फ्लश करू का, असं विचारलं तर वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीला त्याची गरज नसते. नको म्हणा.

पुराच्या पाण्यातली गाडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर आलं होतं, आणि त्या पुरात नदीकाठच्या गावांत कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीला आधी चावी लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढा, डिपस्टिक बघा, दुधाळ दिसली तर गाडी ओढूनच गॅरेजला न्या. हे काम घरी करायचं नाही. विमा कंपनीला कळवायच्या आधी काही खोलूही नका.

जुनं ऑइल

घरी ऑइल बदललं की तीन लिटर काळं ऑइल तुमच्या गळ्यात पडतं. गटारात ओतायचं नाही. बेळगाव शहरातली गटारं शेवटी बळ्ळारी नाल्याला मिळतात, आणि त्या नाल्याचं पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात शिरतं, जिथे भात आणि भाजी पिकते. परड्यात खड्डा करून ओतलं तर ते विहिरीकडे जातं. सेंटरिंगवाले फळ्यांना लावायला मागतात, कुणी गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून मागतं, कुणी चुलाण्यात जाळायला. देऊ नका. वापरलेल्या ऑइलमध्ये जड धातू आणि जळालेली रसायनं असतात. ती रोज कातडीला लागणं किंवा धुरातून छातीत जाणं घातक असतं. कायद्यानेही ते घातक कचऱ्यातच मोडतं, २०१६ च्या नियमांनुसार.

गार झालेलं ऑइल नरसाळ्याने रिकाम्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी, कूलंट किंवा रॉकेल मिसळू नका, आणि झाकण घट्ट लावा. त्यासाठी एक जुना कॅन राखून ठेवा, म्हणजे ऑइलच्या डब्याला भोकं पाडता येतील. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवा. मग दोन्ही अशा गॅरेजला द्या, जिथे जुनं ऑइल बॅरलमध्ये साठवून नोंदणी असलेल्या रिसायकलवाल्याला देतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये असा बॅरल असतो. न्यायच्या आधी फोन करून घेतात का ते विचारा. जवळपास कुठेच कुणी घेत नसेल, तर ऑइल घरी बदलू नका, मेस्त्रीकडेच करा. सांडलेल्या थेंबांवर लाकडाचा भुसा टाका, तासाभराने झाडून वेगळ्या पिशवीत बांधा, पाणी मारू नका.

काम झाल्यावर रात्रभर गाडीखाली कागद टाकून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी तो बघा. कोरडा असेल तर निघा. ओला असेल तर बोल्ट आणि फिल्टर पुन्हा तपासा, आणि आठवड्याभराने डिपस्टिक आणखी एकदा काढा.